माजघरातून मागितलेली तजवीज सानी

ठाण्याच्या आमच्या घरात दोन भाषा चालत. ओटीवर कोर्टाची आणि माजघरात आमची. मधे एकच दार, आणि त्या दाराच्या फळ्यांमध्ये एक फट. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा त्या फटीपर्यंत माझा डोळा पोचत नसे. पोचायला लागला आणि माझं कायद्याचं शिक्षण सुरू झालं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या कोर्टात वकील होते. सकाळी ओटीवर पक्षकार जमत. कुणी भिवंडीकडचा, कुणी शहापूरचा, कुणी खाडीकाठचा मिठागरवाला. मी आत तांदूळ निवडायला बसे आणि कान ओटीवर ठेवी. भातात खडे लागत ते लागत, पण दावा, जबानी, मुदत, हुकूमनामा हे शब्द मला तोंडपाठ झाले आणि ते कुठंही वापरायची मला खोड लागली. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "मांजरानं दुधावर दावा केला."

सासूबाई म्हणाल्या, "दावा कसला, पिऊन टाकलंन. झाकण ठेवायचं कुणाकडे होतं?"

माझ्याकडेच होतं. पण आरोपीनं आपणहून काही कबूल करू नये, हेही मी फटीतूनच शिकले होते.

तर सोळा-सतरा वर्षांची ही अशी शहाणी. यजमान पुण्याला शिकायला, घरात पुरुष म्हणजे एक मामंजीच. आणि माझ्या पदराला धरून फिरणारी माझी धाकटी नणंद. मी त्या घरात आले तेव्हा ती आईच्या कडेवरून नुकती उतरली होती. तिला मी खेळवलं, तिच्या वेण्या घातल्या, आणि तीही मला वयानं फार मोठी समजत नसे. नणंदेला 'वन्सं' म्हणायचं म्हणून मी त्या चिमुरडीलाही 'अहो वन्सं, शेंबूड पुसा' असं म्हणे.

वन्संना अकरावं लागलं, आणि घरात एकच विषय सुरू झाला, मंगळ. त्यांच्या पत्रिकेत तो आठव्या घरात बसला होता. आठवं घर म्हणजे मृत्युस्थान. अशी मुलगी नवऱ्याला खाते म्हणत. चांगल्या चांगल्या घरी पत्रिका जाई आणि 'जमत नाही' एवढ्या निरोपासह परत येई. शेवटी पेणचं एक स्थळ आलं. बिजवर. दोन बायका झालेल्या, दोघी गेलेल्या. त्यांचा स्वतःचा मंगळ इतका कडक की त्यांना वन्संच्या मंगळाचं भय नव्हतं. घर भरलेलं, माणूस अब्रूचा, आणि वयानं मामंजींहून थोडाच लहान.

मामंजींनी रात्रंदिवस विचार केला असणार, पण आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, "देऊ या. याहून बरं मिळायचं नाही."

सासूबाईंनी चुलीत उगाचच एक लाकूड सरकवलं. वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, त्यांची थोरली मुलगी माझ्याएवढी आहे म्हणे. ती मला काय म्हणून हाक मारील?"

याचं उत्तर माझ्या कायद्याच्या ज्ञानात नव्हतं. पण आपण काहीतरी केलंच पाहिजे, असं मला त्या क्षणी वाटलं. काय करायचं ते मात्र कळत नव्हतं. तेव्हा मी कोर्टात हरलेला माणूस जे करतो तेच केलं. मी वर गेले.

वर म्हणजे थोरल्या सासूबाईंकडे. मामंजींच्या आई. मामंजी कितीही मोठे वकील असोत, त्या पाट मागत तेव्हा स्वतः उठून पाट द्यायचे. म्हणजे आमच्या घरचं वरचं कोर्ट हेच, असा माझा तर्क. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि वन्संसाठी बोलू लागले. पेण लांब आहे, माणूस वयस्कर आहे, दोन बायका गेल्या आहेत, असं सगळं.

थोरल्या सासूबाईंनी जपाची माळ थांबवली नाही. "मला दिली तेव्हा माझे ते केवढे होते, विचारलंस?"

"नाही."

"मग? मी मेले का? उभी आहे ना तुझ्यासमोर?"

त्या बसलेल्या होत्या, पण हे सांगण्याइतकी मी तरी मूर्ख नव्हते.

"कामं नाहीत तुला. जा, उडदाचं पीठ पडलंय, कूट जा पापडाला."

माझं अपील खर्चासह फेटाळलं गेलं. दुपारभर मी मुसळ उचलत होते आणि प्रत्येक घावाला न्याय या गोष्टीवरचा माझा विश्वास कमी होत होता.

दुसऱ्या दिवशी ओटीवर एक भिवंडीकडचा शेतकरी आला. बांधाचा दावा हरला होता. आता निकाल लागल्यावर त्याला कळलं होतं की बांधावरचं जुनं आंब्याचं झाड त्याच्या आज्यानं लावलेलं पाहिलेला एक म्हातारा अजून जिवंत आहे, नाशकाकडे लेकीकडे राहतो. शेतकरी म्हणत होता, "साहेब, अपील करा. मुंबईपर्यंत नेईन."

मामंजी म्हणाले, "अपील कशाला? वरच्या कोर्टात गेलास तर ते म्हणतील, खालच्यानं समोर होतं त्यावर निकाल दिला, त्यात त्याचं काय चुकलं? हा म्हातारा त्याच्यासमोर आलाच नव्हता. तू तजवीज सानी माग."

"ते काय असतं?"

"सानी म्हणजे दुसरी. एकदा तजवीज, म्हणजे निवाडा, झाली की ती पुन्हा करा म्हणायचं. पण दुसऱ्याकडे जायचं नाही. ज्यानं निकाल दिला त्याच्याकडेच जायचं."

शेतकरी हसला. "ज्यानं हरवला त्याच्याच दारात? साहेब, कोण मोठा माणूस आपलं बोललेलं फिरवील?"

"फिरवतात. त्याच्या अकलेला हात लावायचा नाही. तुम्ही चुकलात म्हणायचं नाही. म्हणायचं, ही एक गोष्ट तुमच्यासमोर यायची राहिली होती, आता आली आहे, पाहा. न्यायाधीश बरा असला तर पाहतो. पण अट आहे. नुसतं रडून चालत नाही. पुरावा नवा पाहिजे, आणि तेव्हा धडपड करूनही हाती आला नसता असा पाहिजे. किंवा निकालात अशी उघडी चूक पाहिजे की कुणालाही दाखवता येईल. आणि मुदतीत आलं पाहिजे."

मी आत सूप घेऊन उभी होते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. वर जाणंच चुकलं होतं! ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडेच जायला हवं होतं. आणि मुदतही होती, कारण साखरपुड्याची बोलणी पुढच्या महिन्यात व्हायची होती, आणि तोवर शब्द दिला गेला नव्हता. या आनंदात अटी ऐकलेल्या असूनही मी त्या विसरले. माणूस जे ऐकायचं असतं तेवढंच ऐकतो, आणि मी तर फटीतून ऐकत होते.

त्या काळी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. दाराआड उभं राहायचं, सासूच्या कानात सांगायचं, सासूनं मोठ्यानं म्हणायचं. संध्याकाळी मी सासूबाईंना पुढे केलं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "ऐकणं होईल का? सून काही मागतेय."

"काय मागते?"

"तजवीज..." सासूबाई मागं वळल्या. "काय गं ते?"

"सानी," मी पुटपुटले.

मग मामंजींचा आवाज आला, आणि त्या आवाजात हसू अडवलेलं होतं. "कशाबद्दल?"

"पेणच्या स्थळाबद्दल."

"नवा पुरावा काय आहे म्हणावं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ पुरावा नव्हता. होतं ते रडू. ते मी तत्काळ हजर केलं, आणि चांगलं मोठ्यानं.

"रडणं नवं नाही," मामंजी म्हणाले. "मागच्या वेळीही घरात सगळ्या रडल्याच होत्या. तेव्हाही मी ते ऐकलं होतं." मग थोड्या वेळानं, हळू, "मलाही झोप लागत नाही, सांग तिला."

अर्ज फेटाळला गेला. पण शेवटचं वाक्य ज्यांनी ऐकलं त्या आम्ही दोघी बायका त्या रात्री त्यांच्यावर रागावू शकलो नाही. हे माझ्या दृष्टीनं फार गैरसोयीचं झालं.

लग्न ठरतंय म्हटल्यावर पहिलं आमंत्रण मुलीच्या मामाला. मुलीला बोहल्यावर मामा नेतो, त्याला तोंडानं सांगायलाच हवं. म्हणून सासूबाई, वन्सं आणि मी आगगाडीनं कल्याणला गेलो. सासूबाईंचं माहेर तिथलं, आणि वन्संचा जन्मही तिथेच झालेला. सासूबाईंचे धाकटे भाऊ कल्याण स्टेशनावर तारमास्तर होते. त्यांच्याजवळ खिशात ठेवायचं घड्याळ होतं, आणि त्या आळीत ते पहिलं. आपल्या मुलांकडे ते जितक्या वेळा बघत त्याच्या दुप्पट वेळा घड्याळाकडे बघत, असं मामी म्हणायच्या.

आम्ही पोचलो, हातपाय धुतले, तोच मामींनी पाटपाणी घेतलं.

सासूबाई अंगणात डोकावल्या. "अगं, ऊन अजून माथ्यावर यायचंय. एवढ्यात नैवेद्य?"

मामांनी घड्याळाचं झाकण उघडलं. "ताई, बारा वाजले."

"कुठले बारा? सावली बघ की."

"मद्रासचे बारा!" मामा मोठ्या थाटात म्हणाले. "आगगाडीला सगळीकडे मद्रासची वेळ. ऊन प्रत्येक गावाचं वेगळं असतं, गाडी कुणाकुणाच्या उन्हावर चालायची? आपल्या उन्हाच्या अर्धा तास पुढे असते ही. या घरात तुझं ऊन चालत नाही."

मामी पातेलं उतरवत म्हणाल्या, "तर काय! आमच्याकडे सगळं त्या डबीवर. जेवणं, झोपणं, आजाऱ्याचा काढा. मुलं जन्माला येतात ना, तीही मद्रासलाच."

मी मीठ वाढत होते. मामांच्या ताटात मी मीठ वाढलं, आणि वाढलं, आणि वाढतच राहिले.

"अगं, पुरे!" मामा ओरडले. "खाडीकाठची मिठागरं रिकामी केलीस की काय!"

मी म्हटलं, "मामी, वन्संच्या वेळी वेळ कुणी पाहिली?"

"कोण पाहणार? हेच. दारात घड्याळ धरून उभे. सुईणीनं आतून सांगितलं तशी यांनी वेळ धरली आणि तडक स्टेशनावर जाऊन ठाण्याला तार केली. केवढी हौस! आख्ख्या ठाण्यात तारेनं जन्म कळलेली पहिली मुलगी असेल ही."

"सव्वानऊ," मामा म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांना पाठ होतं.

"आणि ज्योतिष्यांना सांगितलं का, हे सव्वानऊ कुठले ते?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी मिठाचं दुसरं ताट घेऊन आले आहे. "त्यांनी विचारलं कुठं?"

सासूबाई घास हातात घेऊन थांबल्या. त्यांना पत्रिकेतलं माझ्याहून कितीतरी जास्त कळे. अर्ध्या तासानं पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, बदलू शकतं, आणि लग्न बदललं की सगळ्या ग्रहांची घरं सरकतात, हे त्यांनी मला त्या ताटावरच सांगितलं. त्या दिवशी जेवण झालं की नाही ते मला आठवत नाही. वन्संनी मात्र दोन वेळा भात घेतला, कारण काय चाललंय ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "सासूबाई, तुम्हीच सांगा आता."

"मी नाही हो. मागच्या खेपेला 'सानी' म्हणताना माझी जीभ अडखळली. आणि शोधलंस तू."

पुन्हा तेच दार, तीच संध्याकाळ. सासूबाईंनी माझं म्हणणं पुढं करायला सुरुवात केली, पण मी कानात दोन वाक्यं सांगितली की त्या ओटीवर एकच पोचवीत, आणि त्यातलं मद्रास तर दोनदा गाळलं. शेवटी मामंजी म्हणाले, "मधला वकील नको. पक्षकारानं स्वतः बोलावं."

आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांशी थेट बोलले. आवाज असा निघाला की जणू मी विहिरीत आहे. घड्याळ, तार, मद्रास, अर्धा तास, ज्योतिष्यांनी घड्याळातली वेळ घेतली आणि सूर्योदय मात्र इथला धरला, हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

मामंजींनी वकिली थांबवली नाही. "हा पुरावा तेव्हाच का हजर झाला नाही?"

"तेव्हा मी या घरात नव्हते, मामंजी. आणि मामांना कुणी विचारलं नाही."

मग मामंजी जे बोलले ते मला नाही, स्वतःला. "कल्याणच्या कोर्टात काम असलं की मी दर वेळी अर्धा तास अगोदर निघतो. गाडीचं घड्याळ पुढं असतं म्हणून. अकरा वर्षं निघतोय." आणि मग, "याला नवा पुरावाही म्हणता येत नाही. ही तर उघडी चूक आहे. माझ्या डोळ्यांसमोर होती."

सकाळी त्यांनी ज्योतिष्यांना बोलावलं. ज्योतिषीबुवा फुगले. त्यांनी मांडलेली पत्रिका पुन्हा मांडा म्हणणारा त्यांना आजवर कुणी भेटला नव्हता. "लोक काय म्हणतील? माझ्या गणितात चूक?"

"तुमचं गणित बरोबर आहे," मामंजी म्हणाले. "तारमास्तरांचं घड्याळही बरोबर आहे. चूक तुमच्या दोघांच्या मधे आहे. आणि बुवा, तुम्ही एकटे नाही. मीही याच पाटावर बसून माझा निकाल फिरवायला निघालो आहे. या, शेजारी बसा."

बुवा पाटावर बसले. पंचांग उघडलं, पाटी घेतली. आम्ही तिघी फटीशी. माझा डोळा मधे, सासूबाईंचा वर, वन्संचा खाली. बुवांनी पुसलं, मांडलं, पुन्हा पुसलं. मग सावकाश म्हणाले, "लग्न मागच्या राशीत जातं. मंगळ आठव्यात राहत नाही. नवव्यात जातो."

नववं घर भाग्याचं. सासूबाई दारालाच टेकल्या आणि दार उघडलं गेलं, आम्ही तिघी ओटीवर. बुवांनी डोळे मिटून घेतले. मामंजींनी मात्र उठून वन्संसमोर येऊन, वाकून, आमच्या देखत सरळ म्हटलं, "बाळ, पेणचं मी रद्द करतो. माझं ठरवणं चुकलं होतं."

थोरल्या सासूबाई आतून आल्या. "पुरुषानं ठरवलेलं असं फिरवायचं?"

"आई, शब्द दिला नव्हता अजून. द्यायच्या आत कळलं."

"आणि परत आठव्यातच निघाला असता तर?"

मी तर कान टवकारले होते, आता मामंजी कसं एखादं थोर वाक्य बोलतील म्हणून. मामंजी म्हणाले, "ते मला सांगता यायचं नाही. विचारू नकोस."

तेव्हा मला त्यांचा थोडा रागच आला. 'तरीही दिली नसती' असं म्हणाले असते तर केवढे शोभले असते! आज वाटतं, जो माणूस आपलं चुकलं असं घरच्या बायकांसमोर सांगतो आणि लगेच खोटं थोर वाक्य बोलत नाही, तो मला सासरा म्हणून मिळाला, हे माझं केवढं नशीब. पेणला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. बुवांचं नाव घेतलं नाही, मामांचं घेतलं नाही, सुनेनं शोधलं म्हणून फुशारकी मारली नाही की माझ्यावर ढकललंही नाही. 'माझा विचार बदलला' एवढंच सांगितलं, आणि तिथली बोलणी ऐकून घेतली.

भिवंडीच्या शेतकऱ्याचं काय झालं मला माहीत नाही. पण तजवीज सानी म्हणजे काय हे कुणी विचारलं की मला कोर्ट आठवत नाही. एक मोठा माणूस चिमुरड्या मुलीसमोर वाकून उभा असलेला दिसतो.

वन्संनी विचारलं, "मग मी आता इथंच राहायचं?"

"अजून थोडी राहा," मामंजी म्हणाले. "पत्रिका परत पाठवणाऱ्यांकडे मी पुन्हा जाऊन येतो. त्यांनाही एकदा विचार करू द्यावा."

ते दोन वर्षं हिंडले. आणि वन्संना ती दोन वर्षं मिळाली. पेणला गेल्या असत्या तर त्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या मुलींच्या वेण्या घातल्या असत्या. आमच्याकडे त्यांनी विटीदांडू खेळला, तळ्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात उड्या मारल्या, थोरल्या सासूबाईंना रात्री पोथी वाचून दाखवायला लागल्या आणि त्यातली पानं गाळायलाही. एकदा परसातल्या चिंचेवरून खाली आल्या त्या तोंडावर, आणि पुढच्या दाताचा कोपरा गेला.

सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "मंगळ गेला तर आता दात! कोण करील हिला?"

कल्याणच्या एका घरानं केली. मुलगा शिकत होता, वन्संहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पहायला आलेल्या बायकांनी 'हस पाहू' म्हटलं, तर वन्संनी ओठ मिटून घ्यायचे असं आम्ही त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्या हसल्या त्या चांगल्या तोंडभर, तुटका दात दाखवत, आणि तशाच बोहल्यावर चढल्या.